२,३३८ मुळं: सांगलीत केलेल्या हेअर ट्रान्सप्लांटचा सोळा महिन्यांचा हिशोब

बाराव्या दिवशी मार्केट यार्डात पाय ठेवला तेव्हा डोक्यावर टोपी होती, पण कानामागचं भादरलेलं काही तिच्यात मावत नव्हतं. पहिल्याच गाळ्यापाशी एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली टाकलं आणि आवाज एकदम खाली आणला. "दिवाणजी, आप्पा...?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या म्हाताऱ्या तोलाईदारानं परस्पर निकाल दिला, "मिशी हाय न्हवं तोंडावर? मग घरचं कुणी गेल्यालं न्हाई." आप्पा म्हणजे माझे वडील. त्या घटकेला ते घरी बसून दुसरा चहा मागत होते.

तर हे केस लावून घेण्याचं प्रकरण. सांगलीतल्या सांगलीत केलं, विश्रामबागेकडच्या एका दवाखान्यात, मागच्या वर्षीच्या श्रावणात. आता सोळा महिने झाले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चांगलंही लिहिणार आहे आणि वाईटही, आणि गाव एवढं लहान आहे की तिथला कॅशियर आणि मी एकाच बँकेच्या रांगेत उभे असतो. ज्याला हे करून घ्यायचंय त्याला नावापेक्षा हिशोब जास्त उपयोगी पडेल. मी हळदीच्या अडत दुकानात सतरा वर्षं वह्या लिहितोय, हिशोब मला येतो. डॉक्टरकीचं मात्र जेवढं डॉक्टरांनी सांगितलं आणि नंतर घरी बसून वाचलं तेवढंच.

कपाळाचे कोपरे लग्नाआधीपासूनच मागं सरकायला लागले होते. ते आरशात रोज दिसतं, सवय होते. भोवऱ्याचं मला ठाऊकच नव्हतं. दुकानात सीसीटीव्ही बसवला, एक कॅमेरा नेमका माझ्या गादीच्या वर आला, आणि पहिल्या दिवशी मालकांच्या मोबाइलवर बघतो तर वही लिहिणारा कुणी पन्नाशीचा गृहस्थ, डोक्यावर पुरीएवढा चांद. हा कोण म्हणून विचारणार होतो. मालक हसले नाहीत, ते जास्त लागलं. वय तेव्हा छत्तीस. पुढची चार वर्षं तेलं, कांद्याचा रस (बायकोनं उशी वेगळी केली), जत्रेतली जडीबुटी आणि कुरिअरनं आलेली कसलीशी पावडर यांत गेली. त्याचा खर्च मी मांडून ठेवला नाही. जन्मात न मांडलेला तेवढा एकच खर्च.

आधी पुण्याला एका मोठ्या नावाच्या ठिकाणी गेलो होतो. काचेचं दार, एसी, कॉफी. डॉक्टर भेटलेच नाहीत. सल्लागार म्हणून एक बाई होत्या, त्यांनी पेनानं माझ्या कपाळावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "साडेचार हजार ग्राफ्ट्स, एकाच दिवसात. आज बुक केलंत तर सूट आहे, हप्तेही करून देऊ." ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून उचलून पुढं लावायचं मूळ. मी विचारलं, "मागं एकूण किती आहेत?" त्या म्हणाल्या, "म्हणजे?" म्हटलं, "म्हणजे साडेचार हजार उचलायचे तर शिल्लक किती आहे ते कुणीतरी मोजलं असेल ना?" त्यांनी दुसरी कॉफी मागवली. मी तिथून उठलो आणि स्वारगेटहून एसटी धरली. वखारीत माल किती हे न बघता सौदा करणारे व्यापारी मी बघितलेत, आणि त्यांच्या दारात पुढं उभी राहिलेली माणसंही.

विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं असेल तर मला पाठमोरं बसवलं. भिंगाचा कॅमेरा डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवला आणि स्क्रीनवर दाखवलं. केस एकेकटे उगवत नाहीत हे मला तेव्हा कळलं. एका छिद्रातून कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन, क्वचित चार असे गुच्छ असतात. त्या एका गुच्छाला ग्राफ्ट म्हणतात. माझ्या मागच्या बाजूला एका चौरस सेंटिमीटरमध्ये सत्तरच्या आसपास गुच्छ भरले. दोन्ही कानांच्या मधला मागचा पट्टा, तो सुरक्षित. "तुमच्या डोक्यातून जन्मभरात पाच हजारांच्या आसपास काढता येतील," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढं गेलो तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसेल. आणि एकदा काढलेल्या जागी पुन्हा येत नाही."

हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खणलेली, वरून तोंड लहान आणि आत पोतीच्या पोती माल. जे भरलं तेच पेवात. बाहेर काढलेलं पुन्हा आपोआप भरत नाही, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरलं तेव्हा तर पेवंच गेली. डोक्याचा मागचा भाग म्हणजे पेव. ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस एकही तयार होत नाही. मागचा पुढं जातो, बस. आपल्या घरातल्या घरात पोती हलवायची आणि हमाली द्यायची. ही गोष्ट जाहिरातवाला कुणी सांगत नाही, आणि सगळा मामला हाच आहे.

मग मागचे केस पुढं आणले तर तेही पुढच्यांसारखे गळणार नाहीत का? माझी पहिली शंका ती. डॉक्टरांनी समजावलं की पुरुषी टक्कल पडतं ते डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे. टेस्टोस्टेरॉनपासून ते शरीरातच बनतं, आणि पुढच्या व टाळूवरच्या मुळांना ते मानवत नाही, ती वर्षागणिक बारीक होत जातात. मागच्या मुळांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. आणि मूळ हलवलं तरी स्वभाव हलत नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइख या त्वचारोगतज्ज्ञानं हे करून बघितलं आणि १९५९ साली लिहून छापलं, सगळा धंदा त्यावर उभा आहे. आप्पांना मी हे घरी सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय नवीन? राजापुरीचं बेणं सेलमच्या वावरात लावलं म्हणून काय सेलम होतंय?" त्यांना अमेरिकेपर्यंत जावं लागलं नाही.

आप्पांचं डोकं या कथेत महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांचा फोटो आहे का?" मोबाइलमध्ये होता, पण गांधी टोपीतला. बिनटोपीचा फोटो शोधायला घरी फोन करावा लागला. मुलीनं आजोबांची टोपी काढून एक काढून पाठवला. डॉक्टरांनी तो बघितला आणि तक्ता काढला. नॉरवुडची मोजपट्टी, सात पायऱ्या. मी चौथीवर, आप्पा सातवीवर. "तुम्ही तिथंपर्यंत जाल असं धरून चालायचं," ते म्हणाले. "म्हणून सगळं पेव आज रिकामं करायचं नाही." पेव शब्द माझा, पण त्यांनी तो उचलला, आणि तिथंच मी ठरवलं की हाच माणूस.

त्यांचा सल्ला असा होता: सगळे पुढं लावू, चेहऱ्याला चौकट येईल; भोवऱ्यावर औषधं चालू ठेवू. भोवरा खड्डा आहे, तो किती टाकले तरी गिळतो, कारण तिथं केस गोल फिरत बाहेर पडतात आणि एकमेकांवर पडून झाकत नाहीत. मी ऐकलं नाही. सीसीटीव्ही डोक्यात होता. मी म्हटलं पुढं थोडे कमी करा, पण चांद बुजवा. बऱ्याच घासाघिशीनंतर २,५०० चा अंदाज ठरला, त्यातले सातशेच्या आसपास भोवऱ्याला. या माझ्या शहाणपणाचं पुढं काय झालं ते सांगतोच.

दर ग्राफ्टला ३५ रुपये. म्हणजे ८७,५००. वर १८ टक्के जीएसटी, कारण दवाखान्याची सेवा करमुक्त असली तरी केसरोपण आणि सौंदर्याच्या शस्त्रक्रिया त्यातून वगळलेल्या आहेत. विम्यातही बसत नाही. एकूण १,०३,२५०. रक्ताच्या तपासण्या आणि औषधं वेगळी.

घरी मोठा अडसर पैशाचा नव्हता. आई म्हणाली, "आप्पा धडधाकट बसलेत आणि तू डोक्याचा गोटा करणार? कुणी सांगितलंय हे?" वडील हयात असताना डोकं भादरायचं नाही, हे आमच्याकडे अजून पाळतात. दोन दिवस तिनं माझ्याशी फक्त ताट वाढण्यापुरतं बोलणं ठेवलं. शेवटी आप्पांनीच मिटवलं. "तिरुपतीला जाऊन भादरून येतात तेव्हा बाप मेलेला असतो काय? समज गिरीला गेलाय." आईनं तह केला, पण आधी गणपतीला जाऊन ये म्हणाली. गेलो. देवळात उभं राहून केसांसाठी काय मागावं ते सुचेना, मुलीची परीक्षा मागून आलो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसातला बोलावलं होतं. पैसे आधी, सगळे. मग ट्रिमरनं गोटा, फोटो, आणि कपाळावर रेघ. रेघेवरून पुन्हा वाद. मला ती बोटभर खाली हवी होती, कॉलेजातल्या फोटोसारखी. डॉक्टर म्हणाले, "आज छान दिसेल. साठीत तोंडावर सुरकुत्या आणि रेघ विशीतली, कशी दिसेल? शिवाय बोटभर खाली आणायला चारशे जास्त लागतील, ते कुठल्या खात्यातून?" या वेळी मात्र ऐकलं.

दुखतं का, हे सगळे विचारतात. भुलीची इंजेक्शनं दुखतात, चांगली दुखतात. मागच्या बाजूला ओळीनं टोचतात, पुढं पुन्हा कपाळाच्या कडेनं. डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर दिवसभर काही नाही. माणूस जागा असतो. पालथं झोपवतात, तोंडाला भोक असलेली उशी, त्यातून फरशीचे तीन चौकोन आणि नर्सबाईंच्या निळ्या चपला एवढंच जग. डोक्यात बारीक मोटारीचा आवाज, टर्र... थांबतो... टर्र... थांबतो. मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा गोल दाता गुच्छाभोवती फिरतो आणि मग चिमट्यानं मूळ वर ओढतात.

या आवाजावरच माझी मोठी तक्रार आहे. दीडएक तासानं लय बदलली. आधी टर्र आणि थांबा एकसारखा होता, यंत्रमागासारखा. मग टर्र लांब झाली, थांबा आखूड, मध्येच दोनदा लागोपाठ. निळ्या चपलांच्या शेजारी आता डॉक्टरांचे काळे बूट नव्हते, पांढरे स्पोर्ट शूज होते. मी विचारलं, "डॉक्टर कुठं आहेत?" वरून उत्तर आलं, "सर जरा ओपीडी बघून येतायत काका, तुम्ही मान हलवू नका." चाळीस मिनिटं. घड्याळ समोर नव्हतं, पण खाली गाण्यांचा रेडिओ चालू होता आणि बातम्यांवरून बातम्यांपर्यंत मी मोजलं. नंतर वाचलं की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली याबद्दल लिहून दिलंय: हे काम प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ नाहीतर प्लास्टिक सर्जनचं, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून ते शिकता येत नाही. तंत्रज्ञ मदतीला असतात, लावणीला असतात, ते मला मान्य आहे. पण माझ्या पेवातून माल काढताना मालक जागेवर हवा. डॉक्टरांना संध्याकाळी हे तोंडावर विचारलं. ते म्हणाले मुलगा सहा वर्षं काम करतोय. असेल. ते मला सकाळी पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

दुपारी दहीभात दिला. तोंडात घास, डोकं बॅंडेजात, आणि समोरच्या टेबलावर दोन मुली सूक्ष्मदर्शकाखाली माझी मुळं निवडत होत्या. थंड सलाइनच्या काचेच्या बशा, त्यात दहा-दहाच्या ओळी. एकाचे वेगळे, दोनाचे वेगळे, तीनाचे वेगळे. आमच्याकडे हळकुंड आणि गड्डा निवडतात, अगदी तसंच, फक्त माल ओला आणि मुंगीच्या अंड्याएवढा. एका टोकाला पांढरं मांस, दुसऱ्या टोकाला काळी काडी. मी विचारलं, "हे कुठं लिहिता का?" एक मुलगी म्हणाली, "लिहितो की, सरांचा कागद असतोय." जेवण सोडून मी तो कागद बघितला. पुढच्या रेघेला एकाचेच लावतात, नाहीतर बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं. दोनाचे-तीनाचे त्यामागं, दाटी यायला.

छिद्रं डॉक्टरांनी स्वतः पाडली, दीड तास, तिरकी, प्रत्येक भागात वेगळ्या कोनात. तेवढा वेळ ते कुणाशी बोलले नाहीत, फोन उचलला नाही. ते काम बघण्यासारखं असणार, मला दिसलं नाही. लावणी मात्र मुलींनी केली, दोघी दोन बाजूंनी, चार तास, आणि त्या वेळात मला मिरजेतल्या एका मेसचं भांडण, एकीच्या भावाचा साखरपुडा आणि कृष्णेला पाणी किती वाढलंय हे सगळं कळलं. रात्री साडेआठला सुटलो.

आता हिशोबाचं. काउंटरवरच्या पावतीवर २,५०० ग्राफ्ट लिहिलेले. मी म्हटलं मुलींचा कागद दाखवा. काउंटरवाला म्हणाला तो दवाखान्याचा अंतर्गत असतो. म्हटलं डोकं माझं आहे. कागद आला. एकाचे ६१२, दोनाचे १,२४०, तीनाचे ४८६. बेरीज २,३३८. डॉक्टरांनी मागं पातळ दिसायला नको म्हणून थोडे आधीच थांबवले होते, आणि ते बरोबरच केलं. पण पावती सकाळचीच होती. फरक १६२ ग्राफ्टचा, ५,६७० रुपये, जीएसटी धरून ६,६९० रुपये ६० पैसे. काउंटरवाला म्हणाला, "पुढच्या सिटिंगला वळते करून घेऊ." अडतीत हे वाक्य मी शेतकऱ्यांना दिलेलं ऐकलंय, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. मी म्हटलं, रोख.

आणि केसांचं गणित म्हणाल तर ६१२, त्यात २,४८०, त्यात १,४५८, एकूण ४,५५० केस. माणसाच्या डोक्यावर लाखभर असतात. शंभर पोत्यांच्या वखारीत साडेचार पोती. दिवसभर पालथं पडून, लाखभर रुपये देऊन. तरीही फरक दिसतो, त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं: निम्मी दाटी जाईपर्यंत डोळ्याला कळतच नाही, त्यामुळे भरतानाही निम्मी भरली की डोळा फसतो.

पहिल्या रात्री आरामखुर्चीत बसून झोपायचं आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं लावलेल्या जागेवर सलाइनचा फवारा मारायचा. बायकोनं गजर लावून मारला. पहाटे एकदा झोपेत तिनं फवारा थेट माझ्या तोंडावर मारला, तो मुद्दाम नव्हता असं ती अजून म्हणते. दुसऱ्या रात्री अकरा वाजता मागच्या बाजूला एका जागी रक्त आलं. 'चोवीस तास' म्हणून दिलेल्या नंबरवर सात वेळा फोन केला. सकाळी नऊला उलट फोन आला, "काय झालं होतं?" तोपर्यंत स्वच्छ गॉज दाबून धरून ते थांबलं होतं. दाबून धरायचं हे दिलेल्या कागदावर होतं, पण कागद सगळा इंग्रजीत. माझी बायको शिकलेली आहे म्हणून वाचला. जत-आटपाडीहून आलेल्या माणसानं रात्री अकराला काय करायचं?

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली. हे होतं, सांगितलेलं होतं, भुलीचं पाणी खाली उतरतं. पण सांगितलेलं आणि आरशातलं यात फरक असतो. मुलीनं दारातून बघितलं आणि आत आलीच नाही. सहाव्या दिवशी उतरली. मगानं हळू पाणी, लहान मुलांचा शॅम्पू, बोट न घासता. दहाव्या-बाराव्या दिवशी खपल्या पडल्या. यार्डात त्याआधी जायला बंदी होती. आमच्याकडे हवेतच हळद असते. पांढरा शर्ट संध्याकाळी लग्नातला होतो, जखमेवर काय बसलं असतं देव जाणे. हे करायचं तर आपल्या धंद्याचा मंदीचा महिना बघून करा. पौष-माघात सौदे भरात असताना मी पंधरा दिवस घरी बसतो म्हटलं असतं तर मालकांनी मला कायमचंच घरी बसवलं असतं.

मग चौथ्या आठवड्यात सगळे गळाले. लावलेले, मोजलेले, दोन हजार तीनशे अडतीस. उशीवर, शर्टावर, अंघोळीच्या पाण्यात. मला सांगितलं होतं की काडी पडते, मूळ आत राहतं, विश्रांती घेतं आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा काडी टाकतं. सगळं ठाऊक होतं. तरी त्या आठवड्यात रात्री उठून मी दोनदा तो कागद बघितला. यार्डातला तोलाईदार म्हणाला, "एवढं पैसं घालून बी हाय तसंच हाय की लगा." दिवाळीपर्यंत मी आधीपेक्षाही वाईट दिसत होतो, कारण आजूबाजूचे जुने केसही धक्क्यानं थोडे गळाले होते. त्या पाडव्याचा फोटो मी कुणाला दाखवत नाही.

मार्गशीर्षात कपाळावर काहीतरी टोचलं. बोट फिरवलं तर खुंट. पुढं महिन्याला सेंटिमीटर-सेंटिमीटर, आधी बारीक आणि वाकडेतिकडे, मग हळूहळू जाड. आठव्या महिन्यात सलूनमध्ये पहिल्यांदा कात्री लागली. वर्षानं पुढची चौकट चांगली भरली. जवळून बघितलं तरी कुणाला लावलेले म्हणून ओळखू येत नाहीत, रेघ ओबडधोबड आहे ती मुद्दाम तशी केलेली, आणि त्या कामासाठी मी डॉक्टरांना पैकीच्या पैकी देतो. मागं बारीक पांढरे ठिपके आहेत, केस अगदी बारीक मारले तरच दिसतात. टाळूची बधिरता जायला तीनेक महिने लागले.

भोवरा. सोळा महिन्यांनी पुरीचा आकार गेलाय, चाळणी झालीय. ६८६ ग्राफ्ट तिथं घातले. उन्हात उभा राहिलो की त्यातून कातडी चमकते. सीसीटीव्हीत आता पन्नाशीऐवजी पंचेचाळिशीचा माणूस दिसतो. हेच ६८६ पुढं घातले असते तर कपाळाच्या मागचा जो पट्टा पातळ वाटतो तो भरला असता, आणि भोवऱ्यावर औषधाचा परिणाम तेवढाच झाला असता. हा दोष दवाखान्याचा नाही, घासाघीस मी केली.

औषधांचं लोक लपवतात, मी लिहितो. फिनास्टराइड १ मिलिग्रॅम रोज. मूळचं ते प्रोस्टेटच्या वाढीवरचं औषध, ५ मिलिग्रॅमचं. ते डीएचटी बनू देत नाही. काही पुरुषांना त्यानं इच्छा आणि ताकद यांत फरक पडतो. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगितलं, बायकोला बाहेर न पाठवता सांगितलं, आणि काही वाटलं तर लगेच कळवा म्हणाले. मला त्रास झाला नाही. गरोदर बाईनं फुटकी गोळी हाताळायची नाही हेही सांगितलं. दुसरं मिनॉक्सिडिल, डोक्याला लावायचं. ते आधी रक्तदाबाची गोळी होतं, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून इकडे वळलं. ही दोन्ही सोडली तर लावलेले राहतील आणि त्यांच्यामागचे जुने जातील, म्हणजे पुढं कुंपण आणि आत मोकळं वावर. म्हणून एक लाखाच्या खाली दरमहाची एक ओळ कायमची धरा.

पीआरपीचं सहा वेळांचं पॅकेज त्यांनी गळ्यात घालायचा बराच प्रयत्न केला, आपलंच रक्त फिरवून डोक्यात टोचतात. मी एकदा केलं. दुखलं खूप, फरक मला तरी कळला नाही, पुढं गेलो नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची लिहायलाच हवी. माझ्या शेवटच्या तपासणीला तासगावकडचा एक मुलगा बसला होता, बावीसचा असेल, बापाला घेऊन आलेला, द्राक्षाचे पैसे आले होते. लग्न ठरत नाही म्हणून पोराला केस हवे होते. आत काय बोलणं झालं ते दार अर्धवट उघडं असल्यानं ऐकू आलं. "अजून तुझं किती जायचंय ते तुझ्या डोक्यालाही ठाऊक नाही. वर्षभर औषध घे, मग बघू." बाप म्हणत होता, "पैसे आणलेत साहेब." डॉक्टरांनी घेतले नाहीत. पुण्यातल्या त्या कॉफीवाल्या बाईंनी त्याला साडेपाच हजार ग्राफ्ट सांगितले असते.

मला विचाराल तर हातासाठी पाचपैकी पाच, काउंटरसाठी दोन, रात्रीच्या फोनसाठी शून्य. कुणाला जायचं असेल तर आधी मागची शिल्लक मोजून घ्या, काढणी कोण करणार ते नावानिशी विचारा आणि बशीतला कागद मागा. माझ्या वहीत आता मागची शिल्लक २,६६२ अशी लिहिलेली आहे. भोवऱ्याचं विचारायला पुढच्या श्रावणात पुन्हा जाईन. तोपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलंय.

उरलेले पैसे तिसऱ्या खेपेला मिळाले. काउंटरवाल्यानं पाकीट दिलं, मी तिथंच मोजलं. ६,६९०. म्हटलं, वरचे साठ पैसे? तो म्हणाला, "काका, सुट्टे नाहीत." मी वहीत येणे म्हणून लिहून ठेवलेत.